वऱ्हाडचे ऋतू, मालट्रक आणि काजळीची गाळणी

कौंडण्यपूरच्या वाहतुकीचा सर्वांत प्रसिद्ध प्रसंग म्हणजे एक रथ. भीष्मक राजाची ही राजधानी, वर्धेच्या काठची. इथूनच रुक्मिणीला श्रीकृष्णाने रथातून नेले, ही कथा महाराष्ट्रातील लहान मूलही सांगते. तो रथ वाटेत बंद पडल्याचा उल्लेख कुठल्याही परंपरेत नाही. पुढच्या काळात याच वाटांवरून गेलेल्या वाहनांना मात्र हे भाग्य लाभले नाही. आजचा धागा अशाच एका वाहनाविषयी, म्हणजे डिझेलवर चालणाऱ्या मालट्रकविषयी, आणि त्याच्या धुराड्यात बसवलेल्या एका गाळणीविषयी आहे. विषय इतिहासाचा वाटणार नाही. तरीही शेवटपर्यंत सोबत राहावे, कारण ही गाळणी ज्या अडचणी दाखवते त्यांचे मूळ वऱ्हाडच्या दोनशे वर्षांच्या कापूस-वाहतुकीत सापडते.

आधी गाळणी म्हणजे काय ते पाहू. १ एप्रिल २०२० पासून देशात भारत स्टेज ६ हे प्रदूषणाचे निकष लागू झाले. तेव्हापासून विकल्या गेलेल्या जवळजवळ प्रत्येक डिझेल ट्रकमध्ये इंजिन आणि सायलेन्सर यांच्या दरम्यान चिनी मातीसारख्या भाजलेल्या पदार्थाचा एक जाड दंडगोल असतो. मधमाश्यांच्या पोळ्याप्रमाणे त्यात असंख्य बारीक नळ्या असतात. निम्म्या नळ्यांची तोंडे पुढून बंद, उरलेल्यांची मागून. धूर एका नळीत शिरतो, पण तिला पलीकडे तोंड नसल्याने सच्छिद्र भिंतीतून झिरपून शेजारच्या नळीत जातो. वायू पार होतो, काजळी भिंतीला अडकते. ट्रकचालक याला ‘डीपीएफ’ म्हणतात. धुरातील ९५ टक्क्यांहून अधिक कण ही गाळणी अडवते, आणि त्यांत डोळ्याला न दिसणारे, फुप्फुसात खोलवर उतरणारे कणही आले.

आता कोणतीही गाळणी भरते. चहाची गाळणी आपण आपटून रिकामी करतो. ही गाळणी स्वतःच्या पोटातली काजळी जाळून रिकामी होते, आणि या जाळण्याला ‘रिजनरेशन’ म्हणतात. ते दोन रीतींनी घडते. गाडी भरलेली असेल, सलग वेगात धावत असेल, तर धुराचे तापमान २५० ते ४०० अंश सेल्सिअसच्या घरात जाते. अशा वेळी गाळणीच्या आधी बसवलेला उत्प्रेरक धुरातील नायट्रिक ऑक्साइडचे नायट्रोजन डायऑक्साइड करतो, आणि तो वायू काजळीला हळूहळू खात राहतो. चालकाला पत्ताही लागत नाही. दुसरी रीत सक्तीची. काजळी ठराविक मर्यादेपलीकडे साचली की गाडीचा संगणक जादा डिझेल सोडतो. ते उत्प्रेरकावर जळते आणि गाळणीत ५५० ते ६०० अंशांची भट्टी पेटते. हे काम वीस-तीस मिनिटे अखंड चालावे लागते. मध्येच इंजिन बंद केले तर भट्टी विझते, काजळी अर्धवट राहते, पुढच्या वेळी पुन्हा डिझेल खर्ची पडते. काही इंजिनांत हे जादा डिझेल थेट सिलिंडरमध्ये सोडले जाते. तिथे वारंवार असे अडथळे आले तर न जळलेले डिझेल खाली उतरून इंजिन ऑइल पातळ होते, तो आणखी वेगळा खर्च.

इथे एक पेच आहे आणि साऱ्या तक्रारींचे मूळ त्यात आहे. जादा सोडलेले डिझेल पेटण्यासाठी उत्प्रेरक आधीच साधारण २५० अंशांपर्यंत तापलेला असावा लागतो. उभ्या गाडीचे, नुसते धडधडणारे इंजिन शंभर-दीडशे अंशांचा धूर सोडते. म्हणजे ज्या गाडीला सफाईची सर्वाधिक गरज, तिलाच ती साधत नाही. मग फलकावर पिवळी बत्ती लागते, त्यानंतर गाडीची ताकद आपोआप कमी होते, आणि शेवटी अमरावतीसारख्या शहरातील वर्कशॉपमध्ये नेऊन संगणक जोडून सफाई करून घ्यावी लागते. कौंडण्यपूरहून अमरावती सुमारे ४० किलोमीटर. एका गाडीवर घर चालवणाऱ्या मालकाचा त्यात एक दिवस जातो, आणि हंगामात एक दिवस म्हणजे एक भाडे.

हा पेच ऋतूप्रमाणे रूप बदलतो. ते समजण्यासाठी वऱ्हाडातील वाहतूक ऋतूंशी कशी बांधली गेली होती हे पाहणे भाग आहे.

रेल्वे येण्यापूर्वी वऱ्हाडचा कापूस बैलांच्या पाठीवरून जाई. अमरावतीहून गंगाकाठच्या मिर्झापूरपर्यंत, पाचशे मैलांहून अधिक. ब्रिटिशकालीन गॅझेटियरमध्ये अशी नोंद आहे की १८४२ मध्ये एका व्यापाऱ्याने अमरावतीहून एक लाख बैलांवर कापूस लादून या मार्गाने कलकत्त्याकडे पाठवल्याचे सांगत. आकडा फुगवलेला असू शकतो, पण त्याच्या निम्मा धरला तरी चित्र थक्क करणारे आहे. बंजाऱ्यांचे तांडे, त्यांच्या बैलांना लागणारे वाटेवरचे गवत आणि पाणवठे, आणि या साऱ्यावर सत्ता पावसाची. वऱ्हाडची काळी माती पाणी पिऊन फुगते आणि उन्हात आकसून भेगाळते. मृगाच्या पावसानंतर तीवरून चाक चालत नाही. चिखल आऱ्यांना धरून चाकाचाच गोळा होतो. म्हणून आषाढापासून अश्विनापर्यंत माल हलत नसे. कापूस घरात, वखारीत पडून राही, आणि कोरडी वाट मिळताच तांडे निघत. वाटेत अवकाळीने गाठले तर भिजलेला माल कुजे. कोरडे राहिले तर धुळीने माखे.

१८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांकडे सोपवला. पुढच्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध (१८६१–६५) पेटले, तिथला कापूस मँचेस्टरला मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला एकाएकी सोन्याचा भाव आला. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मार्ग वऱ्हाडातून पुढे सरकत १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. १८७० मध्ये खामगावची शाखा सुरू झाली, तिच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. १८७१ मध्ये बडनेरा–अमरावती हा फाटा झाला. एका व्हाइसरॉयने एवढ्याशा फाट्यासाठी खामगावपर्यंत यावे, यातच कापसाचे वजन कळते.

रेल्वेने पाचशे मैलांची वाट मिटवली. शेत ते स्थानक ही वाट मात्र मिटली नाही. ती बंडीचीच राहिली आणि काळ्या मातीचीच राहिली. वऱ्हाडात शेताकडे जाणाऱ्या वाटेला ‘पांदण’ म्हणतात. पांदण हा शब्द आजही सरकारी योजनांच्या नावात आहे, कारण ती समस्या आजही सुटलेली नाही. माझ्या मते वऱ्हाडच्या वाहतुकीचा इतिहास लिहिताना रुळांना जेवढी पाने मिळाली, त्याच्या दशांशही पांदणीला मिळाली नाहीत.

वाफेच्या इंजिनाने आणखी एक भीती आणली, ती ठिणगीची. कापूस ज्या गाडीत लादायचा, तिला ओढणाऱ्या इंजिनाच्या धुराड्यातूनच निखारे उडत. म्हणून इंजिनांच्या धुराड्यात जाळ्या बसवल्या गेल्या, गाठींवर ताडपत्र्या आल्या. वाहन आणि त्याचा माल यांच्यातील हे वैर लक्षात ठेवावे. आपण पुन्हा तिथे येणार आहोत.

वाफ गेली आणि डिझेल आले. जमशेदपूरला टेल्को आणि डाइमलर-बेन्झ यांच्या सहकार्याने १९५४ पासून डिझेल ट्रक बनू लागले आणि पुढच्या दोन-तीन दशकांत महाराष्ट्राच्या मालवाहतुकीचा भार रुळांवरून रस्त्यावर सरकला. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणाऱ्या, कापसासाठीच घातलेल्या शकुंतला रेल्वेवर वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते. नंतर तिथेही डिझेल आले. जुना ट्रक काळा धूर सोडी, पण ऋतूंची त्याला फारशी पर्वा नसे. चिखलात रुते, उन्हात उकळे, दोरखंडाने ओढून काढावा लागे, तरी धुराडे तुंबले म्हणून तो कधी अडला नाही. काजळी तो स्वतःपाशी ठेवतच नव्हता. ती तो आपल्या सर्वांच्या स्वाधीन करीत होता. जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. हा निर्णय मुख्यतः खाणकामगार आणि वाहतूक व्यवसायातील कामगार यांच्या अभ्यासांवर आधारलेला होता. त्या धुराचा पहिला वाटेकरी स्वतः चालकच होता.

आता गाळणीची जन्मकथा. ती वऱ्हाडापासून फार दूर घडली, आणि हे अंतरच पुढे नडते.

१९७०च्या दशकातील तेलसंकटानंतर अमेरिकेत डिझेल मोटारींना मागणी वाढली, धुराच्या तक्रारीही वाढल्या. काचेच्या वस्तूंसाठी प्रसिद्ध असलेल्या कॉर्निंग कंपनीने त्याच दशकाच्या अखेरीस तोंडे आळीपाळीने बंद केलेली ही चिनी मातीची गाळणी पुढे आणली. १९८५ मध्ये मर्सिडीझने कॅलिफोर्नियात विकल्या जाणाऱ्या डिझेल मोटारींवर ती बसवली. गाळणी तुंबण्याच्या तक्रारी आल्या आणि काही वर्षांतच तो प्रयोग मागे घ्यावा लागला. १९८९ मध्ये जॉन्सन मॅथी कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिले की नायट्रोजन डायऑक्साइड काजळीला बऱ्याच कमी तापमानात जाळू शकतो. वर ज्या ‘गुपचूप’ रीतीचे वर्णन केले तिचा पाया हाच. पण उत्प्रेरकातील प्लॅटिनमला गंधक बाधते. त्यामुळे ही युक्ती प्रथम रुजली ती १९९०च्या दशकातील स्वीडनमध्ये, जिथे जवळजवळ गंधकविरहित डिझेल आधीच मिळत होते. २००० मध्ये प्यूजोने आपल्या ६०७ या मोटारीत इंधनात सीरियमचे मिश्रण घालून काजळी लवकर पेटवण्याची सोय केली आणि गाळणी कायमची बाजारात आली. अमेरिकेत २००७ पासून अवजड ट्रकांना ती जवळपास अनिवार्यच झाली.

भारतात अडसर होता तो डिझेलमधल्या गंधकाचा. भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे, स्टेज ४ मध्ये ५० आणि स्टेज ६ मध्ये १०. जानेवारी २०१६ मध्ये केंद्र सरकारने पाचवा टप्पा गाळून थेट सहाव्यावर उडी घेण्याचे ठरवले. २४ ऑक्टोबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३१ मार्च २०२० नंतर जुन्या निकषांची नवी वाहने विकता येणार नाहीत असा आदेश दिला. युरोपने जे अंतर बरीच वर्षे घेऊन कापले ते आपण तीन वर्षांत कापले. स्टेज ४ देशभर लागू झाला तोच मुळी एप्रिल २०१७ मध्ये. ही उडी योग्य होती, यात मला शंका नाही. उडी मारणाऱ्याच्या पायाखाली कोणती जमीन आहे हे मात्र कोणी फारसे पाहिले नाही. ही गाळणी स्वीडनच्या बससाठी, जर्मनीच्या महामार्गासाठी, अमेरिकेच्या राज्याराज्यांतून सलग धावणाऱ्या ट्रकसाठी घडली. तिथेही थंडीने आणि थांबत-थांबत चालणाऱ्या शहरी वाहनांनी तिला छळले आहे. वऱ्हाडच्या पंचांगाशी तिची गाठ पडली ती २०२० नंतर.

हे पंचांग कौंडण्यपूरच्याच आधाराने वाचू, कारण या गावाचे वर्ष दोन वाऱ्यांमध्ये बांधलेले आहे. रुक्मिणीच्या माहेरची पालखी दरवर्षी आषाढीसाठी पंढरपूरला पायी निघते. ही परंपरा चारशे वर्षांहून जुनी सांगितली जाते. आणि कार्तिकात गावातच यात्रा भरते. पहिली वारी निघते तेव्हा उन्हाळा सरत असतो, दुसरी भरते तेव्हा कापसाची वेचणी सुरू झालेली असते.

उन्हाळ्यापासून सुरुवात करू, कारण त्याच्याविषयी गैरसमज फार. अकोला, अमरावतीचा मे महिना ४५ अंशांपलीकडे जातो, तेव्हा गाळणीही ‘तापून’ बिघडत असेल असे सहज वाटते. प्रत्यक्षात ज्या यंत्राला ६०० अंश हवेत त्याला बाहेरचे ४५ अंश उपकारकच ठरतात. धुराडे लवकर तापते, उष्णता कमी गळते. उन्हाळ्याचा त्रास आडवाटेने येतो. तापलेली हवा विरळ असते, त्यामुळे इंजिनाला प्रत्येक श्वासात प्राणवायू कमी मिळतो. त्यात पांदणीची धूळ हवेच्या फिल्टरमध्ये बसते. हवा कमी, डिझेल तेवढेच, म्हणजे ज्वलन अपुरे आणि काजळी जास्त. जो मालक उन्हाळ्यात हवेचा फिल्टर वेळेवर बदलतो त्याची डीपीएफची निम्मी चिंता मिटते, असे यंत्राचे शास्त्र सांगते. पण बिल मात्र दोन वेगळ्या खात्यांवर पडते म्हणून हा संबंध ध्यानात येत नाही. उन्हाळ्यात भ्यायचे ते बाहेरच्या गवताला. भट्टी पेटलेली गाडी सुकलेल्या धुऱ्यावर, पऱ्हाट्यांच्या ढिगाजवळ उभी केली तर खालचे पाचट पेटू शकते. वाहनांच्या पुस्तिकांत ही सूचना असते, बहुधा इंग्रजीत आणि बारीक अक्षरांत.

धुराड्याशेजारी राहणाऱ्या दुसऱ्या एका पाहुण्याचाही इथे उल्लेख हवा. नायट्रोजनची ऑक्साइडे मोडण्यासाठी अनेक ट्रकांत युरियाचे ३२.५ टक्के द्रावण लागते. थंड देशांत ते उणे ११ अंशांना गोठते म्हणून चिंता करतात, आपल्याकडे उलट. ३० अंशांच्या आत ठेवले तर ते साधारण वर्षभर टिकते, ३५ अंशांत सहा महिने. वऱ्हाडातील पत्र्याच्या दुकानात वैशाखभर उन्हात पडलेल्या बादलीचे काय होत असेल याची कल्पना करावी.

पावसाळा मात्र गाळणीचा खरा वैरी आहे. इथे बैलांच्या तांड्यापासून आजपर्यंतची साखळी तुटलेली नाही. पहिले कारण वेगाचे. चिखलातून, खड्ड्यांतून, खालच्या गिअरमध्ये, थांबत-थांबत जाणारी गाडी सलग तापत नाही. वर्धेला पूर आला, पुलावर पाणी आले, की गाड्या तासन्‌तास रांगेत उभ्या राहतात. चालक इंजिन चालू ठेवतो, आणि चालू इंजिन म्हणजे थंड धूर. दुसरे कारण पाण्याचे. रस्त्यावरचे पाणी चाकांनी उडून धुराड्यावर आपटत राहते आणि त्याची उष्णता पळवते. तिसरे कारण मला सर्वांत विलक्षण वाटते. दमट हवेतील बाष्प इंजिनातील ज्वलनाचे तापमान किंचित उतरवते, त्यामुळे नायट्रोजनची ऑक्साइडे कमी तयार होतात. फुप्फुसांसाठी हे बरे. पण काजळीला हळूहळू खाणारा वायू त्याच ऑक्साइडांपासून बनतो. परिणाम थोडा आहे, पण दिशा तीच. शिवाय गाळणीच्या पुढचा-मागचा दाब मोजणारा एक संवेदक असतो, बारीक नळ्यांनी जोडलेला. त्या नळ्यांत पाणी साचले, जोडाला गंज चढला, तर तो संगणकाला खोटे सांगू लागतो. गाळणी रिकामी असताना बत्ती लागते किंवा भरली असताना लागत नाही. वर्कशॉपमध्ये गाळणी बदलण्याचा मोठा खर्च सांगण्यात आला तर आधी ही नळी आणि हा संवेदक तपासून घ्यावा, एवढे तरी या धाग्यातून उचलावे.

पावसाळ्यातही सगळ्या गाड्या सारख्या अडत नाहीत. परतवाड्याहून मेळघाटात चढणारा भरलेला ट्रक घाटातच स्वतःला धुऊन घेतो, कारण चढावर इंजिनावर भार येतो आणि धूर तापतो. डिसेंबर २०२२ पासून टप्प्याटप्प्याने खुला झालेला समृद्धी महामार्ग धामणगाव रेल्वे, चांदूर रेल्वे, नांदगाव खंडेश्वर या तालुक्यांतून जातो; तिथे अर्धा तास एकसारखा वेग सहज मिळतो. तिवसा, कुऱ्हा, आर्वी यांच्यामध्ये पंधरा-वीस किलोमीटरच्या खेपा करणारी छोटी मालगाडी मात्र महिनोन्‌महिने पूर्ण तापतच नाही. म्हणजे गाळणी सर्वांत जास्त त्रास देते ती सर्वांत लहान मालकाला. नागपूर–मुंबई धावणाऱ्या मोठ्या कंपनीच्या ताफ्याला ती जवळजवळ जाणवत नाही. १८७० मध्येही हेच होते: रुळावरच्या मालाला पाऊस शिवत नव्हता, बंडीतल्या मालाला शिवत होता.

आणि मग हिवाळा, म्हणजे कापसाचा हंगाम. वऱ्हाडची थंडी स्वीडनची नव्हे. डिसेंबर-जानेवारीच्या पहाटे पारा दहा अंशांच्या खाली-वर असतो. त्याने इंजिन तापायला थोडा वेळ लागतो, थंड इंजिन थोडी जास्त काजळी ओकते, एवढेच. हिवाळ्यात गाळणी भरते ती थंडीने कमी आणि रांगेने जास्त.

कापसाची रांग हा वऱ्हाडी माणसाच्या आठवणीतला एक स्वतंत्र अध्याय आहे. १९७२च्या हंगामापासून राज्यात कापूस एकाधिकार खरेदी योजना सुरू झाली आणि खरेदी केंद्रांसमोर बंड्यांच्या रांगा लागू लागल्या. माप होईपर्यंत बैल सोडून, कडबा टाकून, शेकोटी करून शेतकरी रात्र काढत. ती योजना गेली. आज भारतीय कापूस महामंडळाची केंद्रे आणि खासगी जिनिंग आहेत, रांग आहेच. फक्त बंडीच्या जागी ट्रॅक्टर-ट्रॉली, पिकअप आणि ट्रक आले. बैल उभा राहिला तर विश्रांती घेई. ट्रक रांगेत दर दहा मिनिटांनी दोन हात पुढे सरकतो. त्यासाठी इंजिन चालू, आणि चालू इंजिन काजळी साठवत राहते. गंमत अशी की त्याच रांगेतील बहुतेक ट्रॅक्टरांना ही गाळणीच नाही. ट्रॅक्टरांचे नवे निकष जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तीच्या वरच्यांनाच लागू झाले, आणि आपल्याकडचे बहुसंख्य ट्रॅक्टर त्याखालचे. म्हणून काळा धूर सोडणारा ट्रॅक्टर निर्धास्त असतो, आणि स्वच्छ गाडीच्या फलकावर बत्ती लुकलुकत असते.

खरा धोका यापुढे आहे. रांगेत काजळी भरली, चालकाने बत्ती पाहून गाडी बाजूला उभी करून सफाईचे बटण दाबले, किंवा गाडीने धावता-धावता पेटवलेली भट्टी आवारात शिरेपर्यंत विझलीच नाही, तर ५५०–६०० अंशांची वस्तू आता जिनिंगच्या आवारात आहे. कापूस साधारण ४०० अंशांच्या आसपास पेटतो. आवारात सर्वत्र रुईचे तंतू उडत असतात, गाडीखाली, ॲक्सलवर, धुराड्याभोवती चिकटत असतात. कापसाची आग दिसतेही उशिरा. ढिगाच्या किंवा गाठीच्या आत ती धुमसत राहते, कधी दिवसच्या दिवस. वर्षभराचे पीक, आणि ते पीक ज्याच्या नावावर अजून मापलेले नाही अशा अवस्थेत. वाफेच्या इंजिनाच्या ठिणगीवर जाळीने मात केली होती. धूर शुद्ध करणारी जाळीच आता तापते. बऱ्याच गाड्यांत सफाई तात्पुरती रोखण्याचे बटण असते. ते याच कामासाठी आहे: आवारात शिरण्यापूर्वी दाबायचे, बाहेर पडल्यावर आठवणीने सोडायचे. दुसरा अर्धा भाग विसरला की गाळणी भरते. खरे तर जिनिंगला येण्याआधी महामार्गावर अर्धा तास सलग चालवून गाडी रिकामी करून आणणे सोपे. पण खेप पंधरा किलोमीटरची असेल तर अर्ध्या तासाचे डिझेल कोण देणार? खरेदी केंद्राने वेळ नेमून दिली आणि गाड्यांना इंजिन बंद करून थांबता आले, तर हा प्रश्न यंत्राला हात न लावता बराचसा सुटतो. बैलाच्या काळात ते आपोआप होत होते.

या सगळ्याला कंटाळून काही जण गाळणीच काढून टाकतात. दंडगोल पोखरायचा, रिकामे डबडे परत जोडायचे, संगणकाला खोटी आज्ञावली शिकवायची. हे बेकायदेशीर आहे आणि तरीही समजण्यासारखे आहे. मी ते समजून घेतो, समर्थन करीत नाही. कारण ते कण कुठे जातात हे ठाऊक आहे: रांगेतल्या पुढच्या ट्रॉलीवर बसलेल्या माणसाच्या आणि आवारात कापूस ओढणाऱ्या बाईच्या छातीत. ती बाई सरकी आणि रुईच्या धुळीतच दिवस काढते, तिच्या फुप्फुसांवर आणखी भार नको.

आणि पीयूसीच्या तपासणीत ही चोरी सापडणे अवघड आहे. आपली डिझेल तपासणी धुराचा गडदपणा मोजते, म्हणजे धुरातून प्रकाश किती अडतो ते. नव्या इंजिनाचा धूर गाळणीशिवायही डोळ्याला फारसा काळा दिसत नाही. त्यातले सूक्ष्म कण प्रकाश अडवत नाहीत. भारत स्टेज ६ ने गाडी कारखान्यातून बाहेर पडताना कणांची संख्या मोजण्याचा नियम पहिल्यांदा आणला, पण रस्त्यावरच्या तपासणीत ती संख्या मोजली जात नाही. बेल्जियम, नेदरलँड्स आणि जर्मनी यांनी २०२२–२३ मध्ये वार्षिक तपासणीत कण मोजणारे यंत्र आणले; गाळणी पोखरलेली गाडी त्यावर काही क्षणांत उघडी पडते. आपल्याकडे ते यंत्र येईल तेव्हा पहिला दंड बसेल तो पुन्हा तिवसा–आर्वी खेपा करणाऱ्या लहान मालकालाच. म्हणून यंत्राच्या आधी रांगेतली वेळ, केंद्रावरचे थांबे आणि पांदणी यांकडे पाहावे लागेल, आणि ती खाती परिवहन विभागाकडे नाहीत. ती पणन आणि ग्रामविकास विभागांकडे आहेत.